मुलांच्या क्लाससाठी पालकांची माहिती कुठे घ्यायची: गूगल फॉर्म, स्वतःची वेबसाइट, व्हॉट्सॲप की साधी वही?

ठाण्यात पाचपाखाडीला माझ्या वहिनीचा ड्रॉइंगचा क्लास आहे, घरच्या हॉलमध्येच, लहान मुलांच्या दोन बॅच आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटवाल्यांची एक. यंदा उन्हाळी शिबिरासाठी तिला छोटीशी वेबसाइट करायची होती, कारण आता घोडबंदरकडचे पालकही विचारायला लागलेत आणि वेळ, फी, सामान हे तेच तेच फोनवर सांगून तिचा घसा बसतो. तिचं सगळं लक्ष रंग कुठला, फोटो कुठले याच्यावर. मी मात्र एकच धरून बसले, की पालक जे भरून पाठवणार ते जाऊन बसणार कुठे, बघणार कोण आणि शिबिर संपल्यावर पुसणार कोण.

कारण आहे त्याला. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीला एका शिबिराला घातलं होतं, तिथे पालकांच्या ग्रुपवर एका शीटची लिंक आली, "आपापलं नाव चेक करा" म्हणून. उघडली तर सगळ्या मुलांची नावं, जन्मतारखा, शाळा, बिल्डिंग, फ्लॅट नंबर, न्यायला कोण येणार ते सुद्धा. आणि लिंक ज्याच्या हातात पडेल त्याला उघडी. त्या लोकांच्या मनात वाईट काही नव्हतं, घाई होती फक्त, पण माझ्या मुलीचा पत्ता आणि तिची सुटायची वेळ एकाच ओळीत होती आणि ती लिंक कुठकुठे गेली असेल या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

तर आधी गूगल फॉर्मच घेऊ. पैसे नाहीत, दहा मिनिटांत होतो, पालकांना सवय आहे आणि सर्व्हर सांभाळायची कटकट तुमच्या डोक्याला नाही. यात गोंधळ होतो तो बहुतेक वेळा शेअरिंगच्या सेटिंगमुळे. उत्तरं ज्या गूगल शीटमध्ये जमतात ती 'लिंक असलेल्या कोणालाही' अशी ठेवली की संपलं, ती फक्त ठरावीक ईमेललाच दिसायला हवी, म्हणजे तुम्ही आणि फार तर मदतीला येणारी ताई. दुसरं, फॉर्मच्या सेटिंगमध्ये उत्तरांचा सारांश भरणाऱ्यांना दाखवायचा एक पर्याय असतो, तो चुकून चालू राहिला तर एका आईला बाकीच्यांनी टाइप केलेलं सगळं दिसतं, नावं नंबर सकट. तिसरं कोणाच्या लक्षातच येत नाही, शीट डिलीट केली तरी उत्तरं फॉर्मच्या आत वेगळी शिल्लक असतात, दोन्हीकडून काढावी लागतात. आणि मुलाचा फोटो अपलोड करायचा प्रश्न टाकला तर पालकाला गूगल अकाउंटने लॉगिन करावंच लागतं, आजीने भरायला घेतला की तिथेच अडतं. ड्रॉइंग शिकवायला फोटो लागतो कशाला हाही प्रश्न आहेच.

आता स्वतःची वेबसाइट, म्हणजे आपल्याकडे बहुतेक करून वर्डप्रेस, साइट बनवायचं सॉफ्टवेअर. दिसायला छान, नाव आपलं, पण इथे माहिती सांभाळणारे तुम्ही स्वतः. फॉर्मचं प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, कुठलं लावलं त्यावर सगळं ठरतं. उदाहरणार्थ 'कॉन्टॅक्ट फॉर्म ७' मुळात काहीच साठवत नाही, नुसता ईमेल पाठवतं, हे मला आवडतं कारण साइट हॅक झाली तरी मुलांची यादी तिथे सापडत नाही, पण मग तो ईमेल तुमच्या इनबॉक्समध्ये वर्षानुवर्षं पडून राहतो हेही धरा. काही प्लगिन सगळं डेटाबेसमध्ये ठेवतात आणि अपडेट कोणी करत नसेल तर ते दार उघडंच. वर्डप्रेसमध्ये २०१८ पासून एखाद्याची माहिती काढून द्यायची आणि पुसायची सोय आहे, पण जे प्लगिन या सोयीशी जोडलेलं नसतं त्यातलं काही ती पुसत नाही. शिवाय पानावर गूगल मॅप किंवा यूट्यूबचा व्हिडिओ चिकटवला की बघणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या इंटरनेट जोडणीचा नंबर, त्यांच्याकडेही जातो, कोणी फॉर्म भरो न भरो. ॲनालिटिक्स, म्हणजे साइट किती जण बघतात ते मोजणारी सोय, लावायचा आग्रह साइट करून देणारे धरतातच, गूगलचं लावलं तर त्याची कुकी, म्हणजे बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखखूण, मुद्दाम बदललं नाही तर दोन वर्षांची असते. साठ-सत्तर मुलांच्या क्लासला याची काय गरज, फोनवर "आमच्याबद्दल कुठून कळलं?" विचारलं की झालं. महिन्यातून एकदा साइट उघडून अपडेट मारणारं कोणी घरात असेल तरच या वाटेला जा, नाहीतर नको.

कायद्याचंही सांगते, कारण वहिनी म्हणाली "आपण काय मोठी कंपनी आहोत का?" डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतायत. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आईवडिलांची पडताळून बघता येईल अशी संमती हवी. शिक्षणसंस्थांना काही कामांपुरती सूट आहे, पण घरगुती क्लासने तिच्या भरवशावर राहू नये असं माझं स्पष्ट मत. माहिती नीट न सांभाळल्याचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, हा आकडा अर्थात कमाल मर्यादेचा. मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच, कुठली माहिती कशाला घेताय हे मराठीतही वाचायला मिळण्याची सोय पालकाला द्यायची आहे, तर ते चार ओळीत आपल्या भाषेत लिहा ना सरळ.

व्हॉट्सॲपचं थोडक्यात. साइटवर नुसतं बटण, पालक थेट मेसेज करतात, मेसेज एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येत नाहीत, ठीक. पण सगळ्यांचा एक ग्रुप केलात की प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. ब्रॉडकास्ट लिस्ट बरी, तिच्यात एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो, २५६ जणांपर्यंत चालते, फक्त पालकांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला हवा नाहीतर मेसेज पोचतच नाही. फोन हरवला तर काय, याचं उत्तर आधी तयार ठेवा, लॉक आणि बॅकअप दोन्हीचं.

आणि वही. हसू नका, फुलस्केप लाँगबुक कपाटात कुलपात असेल तर इंटरनेटवरून कोणी नेऊ शकत नाही, हा कायदाही कागदावरच राहणाऱ्या माहितीला लागत नाही. त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला की मात्र लागतो.

वहिनीला मी शेवटी असं सांगितलं: साइट साधी, माहितीची, तिच्यावर फॉर्म नाही, ॲनालिटिक्स नाही, फक्त व्हॉट्सॲपचं बटण. ॲडमिशनच्या आठवड्यापुरता गूगल फॉर्म, त्यात मुलाचं नाव, इयत्ता, पालकाचं नाव आणि नंबर, ॲलर्जी असल्यास. फोटो इन्स्टाग्रामवर टाकायची परवानगी वेगळी विचारायची आणि 'नको' म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. न्यायला कोण येणार हे फक्त वहीत. जन्मतारखेवर ती अडून बसली होती, बॅच कशी लावू म्हणून, मग तिलाच पटलं की इयत्तेवरून लागते. शिबिर संपल्यावर फॉर्म आणि शीट दोन्ही काढायची तारीख तिने किचनमधल्या कालनिर्णयवर लिहून ठेवलीये, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात "ट्रॅशमधून पण", कारण तिथे ते ३० दिवस पडून असतं.