दोन ओळींचे किती झाले? हाइव्हवर फुटबॉल लिहून काढलेला एक हंगाम

माझं कोल्हापुरात खासबागेच्या अलीकडे झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. मी कुठल्या तालमीचा, म्हणजे कुठल्या फुटबॉल संघाच्या बाजूचा, ते सांगणार नाही, दोन्ही पेठांची गिऱ्हाइकं येतात. हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवरची एकही ईर्षेची मॅच मी चुकवत नाही, आणि मॅच बघताना तोंड गप्प बसत नाही. पूर्वी ते सगळं गॅलरीत शेजाऱ्याच्या कानात जायचं. मागच्या डिसेंबरात मुलगी म्हणाली, "पप्पा, एवढं बोलताच आहात तर लिहा की. याचे पैसे मिळतात."

तर हा त्या पैशांचा रिव्ह्यू. फुटबॉलचा नव्हे.

सेवा म्हणजे हाइव्ह नावाची ब्लॉकचेन, म्हणजे कुणा एकाच्या मालकीची नसलेली, अनेकांच्या कॉम्प्युटरवर चालणारी सामाईक वही. स्टीम नावाचं जुनं जाळं होतं, ते 2020 च्या सुरुवातीला जस्टिन सन या गृहस्थाच्या (ट्रॉन नावाच्या दुसऱ्या ब्लॉकचेनवाला) ताब्यात जातंय म्हटल्यावर तिथल्या लोकांनी 20 मार्च 2020 ला वेगळी चूल मांडली, तेच हाइव्ह. आपल्याकडे मंडळ फुटून दुसरं मंडळ उभं राहतं, तसंच. तिथे जाहिराती विकून तुम्हाला वाटा देतात असं काही नाही. दरवर्षी ठरलेल्या प्रमाणात नवीन नाणी तयार होतात आणि त्यातली 65 टक्के लिहिणाऱ्यांना आणि मत देणाऱ्यांना वाटली जातात. खेळांवर लिहिणाऱ्यांसाठी स्पोर्ट्सटॉकसोशल म्हणून वेगळी वस्तीही आहे, तिचं स्वतःचं स्पोर्ट्स नावाचं नाणं वरखर्चाला मिळतं. पण दोन-दोन ओळींच्या पोस्टसाठी मी फोनवर इसेन्सी हे अॅप वापरलं. त्यात 'वेव्ह्ज' नावाचा भाग आहे, ट्विटरसारखाच.

खातं काढताना एक लांबलचक मास्टर पासवर्ड मिळतो. हरवला तर कुठल्याही ऑफिसात जाऊन अर्ज करता येत नाही, कारण ऑफिसच नाही. हे ऐकून मी घाबरलो आणि त्याची प्रिंट काढून, लॅमिनेशन करून, काउंटरवर काचेखाली ठेवली. पोरगी संध्याकाळी दुकानात आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली. आता तो कागद घरी कपाटात आहे, आणि रोजच्या वापराला फोनमध्ये फक्त पोस्टिंगची किल्ली. त्या किल्लीने लिहिता येतं, मत देता येतं, पैसे हलवता येत नाहीत. ही सोय मला फार आवडली. आमच्या गल्ल्यालाही अशी हवी होती, पोरांना सुट्टे देता यावेत पण नोटा काढता येऊ नयेत.

पहिल्या आठवड्यात मी सुटलोच. कॉर्नर झाला की पोस्ट, पिवळं कार्ड निघालं की पोस्ट. सहाव्या-सातव्या पोस्टला अॅपने नकार दिला. नव्या माणसाच्या खात्यात रिसोर्स क्रेडिट, म्हणजे पोस्ट टाकायचा कोटा, थोडं असतं, ते संपलं की भरून यायला वेळ लागतो, पूर्ण भरायला पाच दिवस. चिडलो, पण खरं सांगायचं तर त्या नकाराने माझं लिखाण सुधारलं. उरलेल्या दोन पोस्ट कशावर खर्च करायच्या याचा विचार करायला लागलो.

पैसे मात्र लगेच येत नाहीत. प्रत्येक पोस्टला सात दिवस मतं पडतात, सातव्या दिवशी हिशेब होतो. जमलेल्या रकमेतली अर्धी मत देणाऱ्यांची, अर्धी तुमची. तुमच्या अर्ध्यातली पुन्हा अर्धी एचबीडीत येते, म्हणजे एका डॉलरच्या आसपास राहावं अशी रचना केलेलं नाणं, आणि अर्धी हाइव्ह पॉवरमध्ये, म्हणजे खात्यात बांधून ठेवलेल्या हाइव्ह नाण्यांत, अडकून राहते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मला दीड महिन्याने कळलं: सात दिवसांत एकूण रक्कम दोन सेंटच्या आत राहिली, तर काहीच मिळत नाही. शून्य. याला तिकडे धूळ म्हणतात. नाव अगदी बरोबर आहे. हंगामभरात मी 212 छोट्या पोस्ट लिहिल्या, त्यातल्या 131 धुळीला मिळाल्या.

आता मत म्हणजे काय हे नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथे आहे. इथे एका माणसाला एक मत नाही. ज्याने जितकी पॉवर साठवली, तितकं त्याच्या मताचं वजन. माझ्यासारख्या पन्नास जणांनी अंगठा दाबला तरी धूळ, आणि एका बड्या खातेदाराने जाता-जाता दाबला तर चहा-पोह्याचे निघाले. म्हणजे वाचणाऱ्या फॅनला काय आवडलं यापेक्षा साठा असलेल्याची नजर कुठे गेली यावर तुमचं उत्पन्न. मोठ्या खात्याला पटलं नाही तर तो उलटं मत देऊन रक्कम खालीही आणू शकतो. माझ्या वाट्याला ते एकदाच आलं, तेही मी एकच फोटो दोनदा लावला म्हणून, त्यामुळे तक्रार नाही.

माझ्या मते त्या हंगामातली माझी सगळ्यात चांगली ओळ होती: "गोलकीपर एवढा उंच की क्रॉस आला की लाइनमनच आधी खाली वाकतो." धूळ. त्याच दिवशी कुणी तरी "ग्रेट मॅच टुडे" एवढंच लिहिलं होतं आणि त्याला माझ्या महिन्याभराच्या कमाईइतकं पडलं होतं. मी त्याचं खातं उघडून पाहिलं. साठा मोठा होता, मित्रही साठेवाले होते, ते एकमेकांना मतं देत होते. यात नियमबाह्य काही नाही. पेठेतल्या भिशीसारखं चालतं ते, आणि मी भिशीत नव्हतो.

कॉमेंटमध्ये लोक उद्गारचिन्ह लावून 'पिझ्झा' किंवा 'बिअर' लिहितात, मग एक बॉट (आपोआप चालणारं खातं) येऊन तुम्हाला त्या नावाचं चिमुकलं नाणं देतो. पहिल्यांदा मला कुणी तरी बिअर पाठवली तेव्हा बायको मागून बघत होती. तिला समजावायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात खरी बिअर पिऊन झाली असती. ही नाणी जमतात भरपूर, विकायला गेलं की एका रुपयाचाही हिशेब लागत नाही.

आता चांगली बाजू. युरोपातल्या फुटबॉलवर लिहिलेलं माझं कुणी ढुंकून पाहिलं नाही, त्यावर लिहिणारे तिकडे हजारो आहेत. कोल्हापूरवर लिहिलं तेव्हा लोक थांबले. हाइव्हवर व्हेनेझुएलाची आणि नायजेरियाची माणसं खूप आहेत. त्यातल्या एका व्हेनेझुएलावाल्याने विचारलं की तालीम म्हणजे कुस्तीची जागा ना, मग तालीम फुटबॉल कशी खेळते? मग मी इंग्रजीत, मुलीकडून दुरुस्त करून घेऊन, जरा मोठं लिहिलं: पेठेपेठेतल्या तालमी, पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, लाल मातीतली पोरं आणि हिरव्या मैदानातली पोरं एकाच मंडळाची कशी, 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आमच्या कोल्हापूरचा. सोबत भरलेल्या गॅलरीचे चार फोटो. त्या पोस्टला 6.40 डॉलर पडले, म्हणजे माझ्या वाट्याला 3.20. हंगामातली सगळ्यात मोठी कमाई. मराठीत लिहिलेल्या पोस्टला मतं जवळजवळ नाहीत, कारण साठेवाल्यांना वाचता येत नाही. पण मराठीत लिहून खाली चार ओळी इंग्रजी दिलं की चालून जातं.

आणि वाईट बाजू एका मॅचची. टायब्रेकरची वेळ येणार असं वाटत होतं, आठ-दहा मिनिटं उरली असतील. मी मान खाली घालून शब्द मोजत होतो. अचानक अख्खी गॅलरी उसळली, शेजारच्या पोराने पाठीत असा रट्टा हाणला की फोन दोन पायऱ्या खाली. मी विचारलं, "कुणी मारला?" तो माझ्याकडे बघतच राहिला. तीस वर्षांत मी स्टेडियमवर हा प्रश्न कधी विचारला नव्हता. त्या गोलवरची पोस्ट मी दुसऱ्याच्या सांगण्यावरून लिहिली. तिला सात सेंट पडले.

क्लबांची स्वतःची फॅन टोकन, म्हणजे क्लबच्या नावाची डिजिटल नाणी, असतात ती गोष्ट वेगळी, दोन्हींत गल्लत करू नका. सोसिओस नावाच्या अॅपवर बार्सिलोना, पीएसजी वगैरेंची टोकन तुम्ही पैसे देऊन घेता. 2021 मध्ये मेस्सी पीएसजीत गेला तेव्हा त्याच्या स्वागताच्या पॅकेजमध्येही ती होती. तिथे फॅन खिशातून घालतो. इथे निदान घालावं लागत नाही, वेळ सोडून.

पैसे बाहेर काढणं हा वेगळाच हंगाम. एचबीडी आधी हाइव्हच्या आतल्या बाजारात हाइव्हमध्ये बदलून घ्यायचं, ते एका एक्स्चेंजवर, म्हणजे नाणी विकायच्या ऑनलाइन बाजारात, पाठवायचं, तिथे विकून रुपये बँकेत. पाठवताना 'मेमो' म्हणून एक आकडा लिहावा लागतो, त्यावरून त्यांना कळतं की रक्कम कुणाची. मी पहिल्या खेपेला मेमो लिहायला विसरलो. एक्स्चेंजचं नाव लिहीत नाही, चूक माझी होती, पण 19 दिवस त्यांचं "आम्ही तपासत आहोत" एवढंच एक उत्तर येत होतं. शेवटी मिळाले. विक्री झाली 552 रुपयांची, 1 टक्का टीडीएस आणि त्यांची फी जाऊन खात्यात 541. हाइव्हचा भाव नोव्हेंबर 2021 मध्ये तीन डॉलरच्या वर गेला होता, आज त्याच्या दहाव्या भागाइतकाही नाही, त्यामुळे जुन्या लोकांच्या कमाईच्या कहाण्या ऐकून यात उतरू नका.

माझी हाइव्ह पॉवर 34 झाली. ती काढायला 'पॉवर डाउन' करावं लागतं, 13 आठवड्यांत 13 हप्ते. माझा हप्ता येतो आठवड्याला अडीच हाइव्हच्या थोडा वर. लिहीतच राहायचं असेल तर ती पॉवर तशीच ठेवा, आपल्या मतालाही थोडं वजन येतं. मी काढून घेतोय.

कुणाला जमेल? ज्याला लिहायची आवड आहे, इंग्रजीत थोडंफार जमतं आणि ज्याच्याकडे जगाला माहीत नसलेला खेळ आहे. कबड्डी, मल्लखांब, बैलगाडा शर्यत, असलं लिहिणाऱ्याला मी आनंदाने सुचवेन. आयपीएलवर लिहिणाऱ्याला नाही. अॅपला चार तारे, वाचकांना साडेचार, पैशाला एक. आणि मॅच चालू असताना फोन खिशात.

राहता राहिला टॅक्स. मी दरवर्षी साध्या आयटीआर-4 मध्ये दुकानाचं दाखवतो, सीए दीड हजार घेतात. या वर्षी फाइल बघून ते म्हणाले, "क्रिप्टो आलंय, आता फोर चालत नाही, थ्री भरावा लागेल." विक्रीवर सरसकट 30 टक्के, वर 4 टक्के सेस, खरेदी किंमत शून्य धरली, म्हणजे 552 वर 172 रुपये टॅक्स. तोटा झाला असता तर तो दुसऱ्या कशातून वजाही करता आला नसता. थ्रीची फी साडेतीन हजार.

मी म्हटलं, एकदाच ना, पुढच्या वर्षी पुन्हा फोर. त्यांनी कॅलेंडर पुढे ओढलं. एप्रिलच्या पोस्टचे पैसे नव्या आर्थिक वर्षात आलेत, आणि पॉवर डाउनचे तेरा हप्तेही. पुढच्या वर्षीही थ्रीच.