टीना ब्रुक्सची 'मायनर मूव्ह': बावीस वर्षं डब्यात पडलेली टेप

१६ मार्च १९५८ ला हॅकेन्सॅकच्या व्हॅन गेल्डर स्टुडिओत झालेलं, टेनर सॅक्सोफोनवादक ब्रुक्सचं हे जॅझ सेशन (रेकॉर्डिंगची बैठक) १९८० मध्ये बाहेर आलं, तेही जपानात. सोबतीला ट्रम्पेटवर ली मॉर्गन, पियानोवर सॉनी क्लार्क, बासवर डग वॉटकिन्स, ड्रम्सवर आर्ट ब्लेकी. मग दाबून का ठेवलं, देव जाणे! (टीना हे बाप्याचं टोपणनाव बरं का.) ब्लू नोट कंपनीच्या टोन पोएट या पुनर्प्रकाशन मालिकेतल्या १८० ग्रॅमच्या एलपीच्या खाचा केव्हिन ग्रे यांनी मूळ टेपवरून कापल्या आहेत. ब्रुक्सचा टेनर मऊ, किंचित तिरपा. ब्लेकीची झांज फाटल्यासारखी वाटली, तर रेकॉर्डला नावं ठेवण्याआधी सुईचा भार मोजा: कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) १.८ ग्रॅम मागत असताना १.५ ठेवला की सुई खाचेत नीट बसत नाही. शेवटचं संथ बॅलड आतल्या, लेबलजवळच्या खाचांत येतं; कार्ट्रिजचा कोन चुकला असेल तर तिथेच पितळ उघडं पडतं.