एकच एलईडी बदलायचा की सगळ्या पट्ट्या?

टीव्हीचा आवाज चालू, पडदा मध्येच काळा, थोड्या वेळाने पुन्हा उजेड. अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारून पाहा. पुसट चित्र दिसलं तर पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारी काच, ठीक आहे, दोष बॅकलाइटमध्ये, म्हणजे तिच्यामागून उजेड देणाऱ्या भागात आहे. तिथल्या पट्टीवरचे एलईडी (छोटे दिवे) एकामागोमाग एक, सिरीजमध्ये जोडलेले असतात. एकाचा सांधा तापून सुटला की सगळी ओळ विझते आणि ड्रायव्हर, म्हणजे एलईडींना वीज पुरवणारं सर्किट, बहुधा बाकीच्या ओळीही बंद करतं. गार झाल्यावर सांधा पुन्हा टेकतो. म्हणून हा लपंडाव.

एकच एलईडी बदलणं स्वस्त, पण नवा त्याच व्होल्टेजचा हवा. ३ व्होल्टच्या जागी ६ व्होल्टचा चालत नाही. शिवाय बाकीचे एलईडी तेवढेच तास तापलेले असतात, त्यामुळे काही महिन्यांत शेजारचा जाण्याची शक्यता मोठी.

पट्ट्यांचा पूर्ण संच महाग पडतो, मॉडेलचा नेमका जुळणारा शोधावा लागतो. तरी माझं मत त्याच बाजूला. कारण खरी जोखीम एलईडीत नाही, पॅनेल उचलण्यात आहे. कागदासारखी पातळ काच दोघांनी धरून काढावी लागते. तडा गेला की टीव्ही भंगारात. ती कसरत दोनदा कशाला? टीव्ही जुना असेल आणि वर्षभरच ओढायचा असेल, तर मात्र एका एलईडीवर भागवा.

काहीही केलंत तरी सेटिंगमध्ये बॅकलाइट शंभरवरून साठ-सत्तरवर आणा.