एम ७८ टिपायचाय : गच्चीवरून की काटोलच्या वावरातून?

एम ७८ म्हणजे मृग नक्षत्रातला धुळीचा तेजोमेघ. त्याचा फोटो काढायला दुर्बीण, माउंट (दुर्बिणीची बैठक), कॅमेरा घरात आहे आणि उरलेले पैसे फिल्टरवर घालायचे की पेट्रोलवर, असा पेच असेल तर माझे दोन हिवाळे ऐका. पहिला नागपुरात मनीषनगरच्या गच्चीवर गेला, दुसरा काटोलजवळ मित्राच्या वावरात.

गच्चीचं सुख मोठंच. वीज हाताशी, चहा हाताशी, ट्रायपॉडच्या पायांच्या खुणा फरशीवर ऑइलपेंटने करून ठेवलेल्या. चार रात्रींत सहा तासांचं एक्स्पोजर जमलं. नागपुरातून एम ७८ जवळपास ६९ अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे क्षितिजालगतचा उजेड थेट आड येत नाही.

ड्युअल-बँड फिल्टर (प्रकाशाच्या फक्त दोन अरुंद पट्ट्या आत सोडणारा) मात्र जपून घ्या. एम ४२ ला, म्हणजे मृगातल्याच मोठ्या तेजोमेघाला, तो खुलवतो, कारण तिथला वायू हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ठरावीक रेषांमध्ये चमकतो. एम ७८ मध्ये ताऱ्यांचा उजेड धुळीवरून विखरून येतो. अशा तेजोमेघाचा वर्णपट ताऱ्यांसारखाच असतो, हे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ स्लायफरने १९१२ मध्येच कृत्तिकांभोवतीच्या तेजोमेघावरून दाखवलंय. मग आकाशाचा उजेड गाळता गाळता फिल्टर तेजोमेघही गाळतो. जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा उजेड तरी वेगळा काढता यायचा. एलईडीतला निळा नेमका याच्या निळ्यात मिसळतो.

हेही मी चालवून घेतलं असतं. जीव खाल्ला तो ग्रेडियंटने, म्हणजे फ्रेमभर कमीजास्त होत जाणाऱ्या नकोशा उजेडाने. शेजारच्या इमारतीवर फ्लडलाइट आहे, त्यामुळे फ्रेमचा एक कोपरा कायम उजळ. तो काढायला जावं तर सॉफ्टवेअर धुळीचा मंद पिसाराही घेऊन जातं. दोन्ही सारखेच पसरट, त्याला तरी काय कळणार? रिकामं आकाश कुठलं हे सॉफ्टवेअरला दाखवणारा सॅम्पलचा ठिपका इकडे ठेवला की धूळ गायब, तिकडे ठेवला की तांबूस डाग तसाच. तीन रविवार त्यात गेले. शेवटी जे उरलं ते तेजोमेघ की माझी हौस, हे मलाच छातीठोक सांगता येईना.

वावरातही कटकटी आहेतच. दव इतकं पडतं की दुय्यम आरशाला हीटर बांधावा लागला. शेतीची वीज रात्रीच्या पाळीत आली की मित्र ओलिताला उठतो आणि मोटारीच्या खोलीवरचा बल्ब लावतो. पहिल्या खेपेला त्यात सहा फ्रेम गेल्या. (त्याआधी उमरेडकडे जाऊन पाहिलं होतं. खाणींचे दिवे बघून परतलो.) पण एका रात्रीच्या अडीच तासांत एम ७८ आणि शेजारचा तेजोमेघ एनजीसी २०७१ यांच्यामधली काळी धूळ आपसूक उठून दिसली. ग्रेडियंट काढायला दहा मिनिटं लागली असतील.

घरी लहान मूल असेल, सकाळची ड्युटी असेल, तर गच्चीला मी नावं ठेवणार नाही. फिल्टर न लावता छोटी एक्स्पोजर घ्या आणि रात्रींची संख्या वाढवा. पण अमावस्येच्या आसपासचा एखादा शनिवार मोकळा होत असेल तर मला वाटतं गाडी काढावी. माझा फिल्टर सध्या कपाटातच आहे. एम ४२ साठी हवा असेल तर घेऊन जा.