सरकतं छप्पर: जिनिंगच्या यार्डात नऊ महिने

आमची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना, हिंगणघाटच्या पलीकडं, एका खेड्यात. कापसाची गंजी, कापूस ओतायचा हॉपर आणि मशीनकडं जाणारा बेल्ट उघड्या यार्डात आहे. लोडरची बकेट वर उचलली जाते, म्हणून तिथं कायमचे टिन ठोकता येत नाहीत. आजवर आभाळ आलं की आठ माणसं ताडपत्री घेऊन धावायची. खरेदीच्या वेळी ओलावा 8 टक्के की 12 यावर शेतकऱ्याशी घासाघीस करायची आणि मग तोच माल आपल्या यार्डात भिजू द्यायचा, याची लाज वाटायची.

म्हणून ऑक्टोबरात रुळांवर सरकणारं छप्पर बसवलं. 30 फूट रुंद, 24 फुटांचे तीन खण, एकात एक जाणारे. लोखंडी कमानींवर पीव्हीसीचा जाड कपडा. खर्च पावणेअकरा लाख. बनवणाऱ्याचं नाव लिहीत नाही.

पावसाबद्दल तक्रार नाही. फेब्रुवारीत गारा पडल्या तेव्हा दोघांनी हाताच्या विंचनं, म्हणजे दोर गुंडाळून ओढायच्या चरकानं, चार-पाच मिनिटांत सगळं झाकलं. मोटारही आहे, पण वादळ सुटलं की आधी लाइन जाते, त्यामुळं विंच नसती तर सगळं फुकट होतं.

खरी धास्ती वाऱ्याची. भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरलाय. त्या वेगाला चौरस मीटरवर साधारण 118 किलो दाब येतो. आमच्या एका खणाचं छत जवळपास 67 चौरस मीटर. पुरा दाब वरच्या दिशेनं लागला तर आठेक टनांची उचल झाली, आणि खणाचं वजन दीड टनही नाही. म्हणजे छप्पर पडायची नाही, उडायची भीती. बनवणाऱ्यानं प्रत्येक खणाला चारच खिट्ट्या दिल्या होत्या. मे महिन्यातल्या वावटळीत मधला खण एका बाजूनं वीतभर उचलला. आता रुळाखाली अडकणारे बारा आकडे आहेत आणि ते लावल्याशिवाय चौकीदार घरी जात नाही.

दुसरं दुखणं मात्र आमच्याच भुईचं. पावसाळा नुकताच संपलेला, काळी जमीन फुगलेली, अशा वेळी रूळ पाणसळीत बसवले. पाया जेमतेम दीड फूट. एप्रिलात हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, एका बाजूचा रूळ बसला, खण तिरका होऊन अडकला. मी बनवणाऱ्याला फोनवर फोन करत होतो. आमच्या फिटरनं दोरी लावून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, छप्पर बरोबर हाय, जमीनच सरकून रायली." सहा फुटांवर मुरूम लागला, तिथून काँक्रीटचे खांब उभे केले. दोन्ही बाजूंना कड असलेली चाकं होती, त्यातली एका रुळावरची सपाट करून घेतली, म्हणजे रुळांतलं अंतर बोटभर इकडंतिकडं झालं तरी अडत नाही. रुळांच्या सांध्यातही फट ठेवली. डिसेंबरची पहाट 10 अंशांची आणि मेच्या दुपारी तापलेला रूळ 60 चा, तेवढ्यात 29 मीटरचा रूळ 17 मिलिमीटर वाढतो. पहिल्यांदा त्यांनी सांधे वेल्डिंगनं घट्ट जोडून टाकले होते!

बारीकसारीक: रुईचे तंतू चाकांच्या बेअरिंगमध्ये गुंडाळतात, आठवड्याला साफ करावं लागतं. हिवाळ्यात रात्रभर बंद ठेवलं तर पहाटे आतून थेंब टपकतात, म्हणून दोन्ही तोंडं हातभर उघडी ठेवतो. वानरं कपड्यावर उड्या मारतात. दोन ठिकाणी ठिगळं लावलीत. वेल्डिंग करायचं झालं तर आधी गंजी हलवतो, कपडा आग न धरणारा असला तरी.

घ्यायचंच असेल तर कोटेशनमध्ये कपड्याची जाडी विचारण्याआधी पाया किती खोल ते विचारा. आमचं उत्तर आम्ही दुसऱ्यांदा पैसे मोजून मिळवलं. अजून सहा खांब राहिलेत, दसऱ्याआधी टाकायचेत. तोवर शेवटचा खण चार जण मिळून ढकलतो.