लाकडी मोटरबोटीचा तळ: कापूस, सीलंट की इपॉक्सी?

जुनी लाकडी मोटरबोट गॅरेजात येऊन टेकली की पहिली चर्चा वार्निशची होते. वार्निश शेवटच्या महिन्यातलं काम आहे. पैसा, वेळ आणि डोकं खातो तो तळ. तो कसा बांधायचा, फटीत कापूस ठासून, रबरी सीलंटनं की इपॉक्सी या दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या चिकटद्रव्यानं, हे ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारा: ही बोट वर्षातले किती दिवस पाण्यात असणार?

बेळगावच्या आसपास राहणाऱ्याचं प्रामाणिक उत्तर पंधरा-वीस दिवसांच्या पुढे क्वचितच जातं. हिडकलचा जलाशय पावसाळ्यानंतर भरलेला असतो, पण मे उजाडेपर्यंत पाणी इतकं मागे हटतं की जिथं बोट बांधायची तिथं गाळ उरतो. सौंदत्तीकडच्या नविलुतीर्थची गतही तीच. राकसकोप तर शहराच्या पिण्याच्या पाण्याचं, तिथला विचारच नको. म्हणजे बोट ट्रेलरवर, ट्रेलर टिळकवाडी नाहीतर खानापूरच्या एखाद्या गॅरेजात, आणि पाणी लागणार सुट्टीच्या दिवशी.

इथं हवेचा हिशेब आडवा येतो. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल सुटते, तर मार्चच्या दुपारी पूर्वेचा कोरडा वारा दाराच्या फळ्या तडकवतो. गॅरेजातल्या लाकडाचा ओलावा या काळात 16 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आला असं धरा. सागवानाची 150 मिमी रुंदीची साधी चिरलेली फळी तेवढ्यात जवळपास अडीच मिमी आकसते. तीच फळी, टोकाकडून पाहिल्यावर वयवर्तुळं जाडीत उभी दिसतील अशी चिरलेली असेल तर जेमतेम 1 मिमी. तळाला बारा फळ्या असल्या तर फटींची बेरीज तुम्हीच करा. लाकूड घेताना उभ्या वर्तुळांची फळी मागा, दुकानदार कुरकुरला तरी.

मुळात तळ कसा होता

ख्रिस-क्राफ्टसारख्या अमेरिकन कारखान्यांच्या जुन्या वेगवान बोटींना दुहेरी तळ असे. आत साधारण 6 मिमीचा तिरका थर, मध्ये सफेद्यात (शिशाच्या पांढऱ्या रंगात) भिजवलेलं कॅनव्हास आणि बाहेर साधारण 12 मिमीच्या लांब फळ्या. बोट पाण्यात फुगायची, फटी मिटायच्या. आपल्या किनाऱ्यावर बांधलेल्या बोटींत एकेरी जाड फळी आणि फटीत ठासलेला कापूस जास्त दिसतो. तुमची बोट यांतली कुठली, हे आतून बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या आतल्या पोकळीत, टॉर्च मारून पाहा. तिरक्या फळ्या दिसल्या तर दुहेरी. दुहेरी तळाच्या फटीत कापूस ठासायचा नसतो, बाहेरची फळी तेवढी जाड नसते.

निर्णयाआधी टोच्या घेऊन बसा. तळाच्या मधोमध लांबीभर जाणारा कणा म्हणजे कील, तळ आणि बाजू जिथं कोनात मिळतात ते चाइनचं लाकूड, मागच्या आडव्या भिंतीच्या, म्हणजे ट्रान्समच्या, खालच्या कडा आणि इंजिनाखालच्या फासळ्या, दर चार बोटांवर टोचा. चांगल्या लाकडात टोक अडकतं आणि ओढायला जोर लागतो. कुजलेल्यात ते आवाज न करता आत जातं. मग दोन-तीन स्क्रू काढून पाहा. पितळेचा स्क्रू तांब्यासारखा गुलाबी दिसला किंवा डोकं तुटून हातात आलं, तर त्यातलं जस्त निघून गेलं आहे. बाकीचेही तसेच असणार.

तळावर लालसर जुना रंग असेल तर तो शेंदराचा, म्हणजे शिशाचा, असं धरूनच चाला. कोरडा घासू नका. ओला करून खरवडा, चांगला मास्क लावा, गॅरेजात मुलांना येऊ देऊ नका.

आधी एक पर्याय बाद करू

औद्योगिक वसाहतीत टाक्या करणारा फायबरवाला बोट बघून हमखास म्हणतो, "वरून दोन थर फायबर मारून देतो, वीस वर्षं बघायला नको." त्याचं रेझिन पॉलिएस्टर असतं. जुन्या, तेलकट लाकडाला ते नीट धरत नाही. आतून बिल्जचं पाणी फळीत शिरतं, फळी फुगते, वरचं कवच सुटतं आणि मधल्या ओलीत लाकूड कुजत राहतं. बाहेरून तळ गुळगुळीत दिसतो, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग.

कापसाचा तळ

एकेरी फळी 18 मिमीच्या पुढे असेल, फासळ्या शाबूत असतील आणि बोट काळी नदीत किंवा गोव्याच्या खाडीत महिनोन् महिने उभी राहणार असेल तर हाच मार्ग योग्य. फट आतल्या बाजूला मिटलेली आणि बाहेर 2 ते 3 मिमी उघडी ठेवतात. त्यात कापसाची वात छिन्नी-हातोडीनं बसवतात, वर रंगाचा हात आणि मऊ पुट्टी. सामान स्वस्त, हत्यारं थोडी आणि एक फळी खराब झाली तर तेवढीच बदलता येते.

पण हा तळ पाण्यात राहायला बांधलेला आहे. ट्रेलरवर आठ महिने काढल्यावर तो चाळणी होतो. पाण्यात सोडल्यावर एक ते तीन दिवस फुगायला लागतात, तोवर पंप चालू ठेवून कुणीतरी जागं राहायचं. रविवारी सकाळी हिडकलला नेऊन संध्याकाळी परत आणायच्या बोटीला हे परवडत नाही.

इथं होणारी मोठी चूक एप्रिलमधली. फटी रुंद दिसतात म्हणून त्यात कापूस गच्च ठासला जातो, किंवा कडक इपॉक्सी पुट्टी भरली जाते. जूनमध्ये फळ्या फुगतात, त्यांना जागा नसते, मग स्क्रू उपटतात नाहीतर फासळी मोडते. लाकूड 12 ते 14 टक्क्यांवर असताना, म्हणजे ढोबळमानानं नोव्हेंबर-डिसेंबरात, फळ्या बसवणं सुरक्षित. ओलावामापक विकत घ्या. अंदाजावर हे काम होत नाही.

सीलंटचा तळ

दुहेरी तळाच्या बोटीसाठी आणि बेळगावच्या गॅरेजासाठी आमचं मत याच बाजूला आहे. रचना मुळासारखीच राहते. फक्त आतला थर प्लायचा होतो आणि कॅनव्हासच्या जागी पॉलियुरेथेन मरीन सीलंटचा रबरी थर येतो. फळ्या आकसल्या-फुगल्या तरी तो ताणला जातो, तुटत नाही. बोट ट्रेलरवरून उतरली की लगेच कोरडी तरंगते.

बोट 5.2 मीटर लांब आणि 1.7 मीटर रुंद धरली तर तळाचं क्षेत्र साधारण 8 चौरस मीटर. आतल्या थराला 6 मिमी मरीन प्लायचे आठ बाय चारचे 4 पत्रे. बाहेरच्या फळ्यांना, 18 मिमी कच्ची जाडी रंधून 12 मिमीवर आणायची आणि तुकडे-गाठी वजा जायच्या म्हणून, 7 घनफूट सागवान. दांडेलीच्या वनखात्याच्या डेपोतला साग नावाजलेला आहेच. दाताच्या पट्टीनं सीलंट पसरून 1 मिमी थर ठेवायचा म्हटलं तर 8 लिटर, म्हणजे 310 मिलीच्या 26 नळ्या. कील आणि चाइनच्या सांध्यांना धरून 30 घ्या. स्क्रू हजाराच्या घरात जातात.

प्लायवर आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का हवा, पण शिक्क्यावर थांबू नका. मानकात 72 तास उकळण्याची चाचणी आहे. घरी तळहाताएवढा तुकडा निदान दिवसभर उकळा. थर सुटले किंवा कडेला पोकळी दिसली तर पत्रे परत.

काम असं चालतं. इंजिन काढा. डेक आणि बाजूच्या फळ्या तशाच राहू द्या, आकार त्या धरून ठेवतात. कीलवर दोरी ताणून वाक मोजा आणि ठोकळे-पाचर देऊन तळ सरळ झाल्यावरच फळी काढायला हात घाला. तळाच्या मागच्या भागात खोलगट वाक राहिला तर वेगात बोट नाक खुपसते. तोच वाक बाहेर फुगलेला राहिला तर ती घोड्यासारखी उड्या मारते. हे दोष नंतर इंजिन बदलून जात नाहीत. बोट उलटी करायला दोन रुंद पट्टे आणि चेन ब्लॉक लागतात. मंगळुरी कौलांच्या वाशांना ब्लॉक टांगू नका, पाइपची तिवई करा. चारही बाजूंनी तीन फूट मोकळी जागा नसेल तर उलटवताना भिंत नाहीतर डेक, काहीतरी फुटणारच.

सागवान तेलकट असतो. सीलंट लावायच्या अगदी आधी ॲसिटोननं पुसा आणि तेल परत वर यायच्या आत फळी बसवा. न जमलेल्या सीलंटवर स्पिरिटचं फडकं फिरवू नका, त्यानं जमणं थांबतं. सांडलेलं टर्पेंटाइननं निघतं. एका वेळी एकच फळी घ्या. हे सीलंट हवेतल्या ओलीनं जमतं, त्यामुळे पावसाळी दिवसांत वरची साय भराभर धरते. थरांच्या मध्ये मात्र हवा पोचत नाही, तिथं आठवडा-दोन आठवडे द्या. दोन फळ्यांत एटीएम कार्डाच्या जाडीची फट ठेवून तीही सीलंटनं भरा. सिलिकॉन चुकूनही वापरू नका. एकदा लागलं की त्या लाकडाला पुन्हा रंग धरत नाही.

किनाऱ्यावरून आणलेल्या बोटीच्या फळ्यांना काजूच्या टरफलाचं तेल दिलेलं असू शकतं. त्यावर सीलंट नाही आणि इपॉक्सीही नाही. तसली फळी परत बसवण्यापेक्षा साचा म्हणून ठेवा आणि नवी चिरा.

इपॉक्सी-प्लायचा तळ

6 मिमी प्लायचे तीन थर, एकमेकांना तिरके, इपॉक्सीनं चिकटवलेले, वर 200 ग्रॅमचं काचकापड. 10 पत्रे आणि चिकटवणं, लेप, कापड धरून 20 किलो इपॉक्सी. तळ हलत नाही, फुगत नाही, वजनाला हलका. ट्रेलरच्या बोटीला कागदावर हाच सगळ्यात चांगला.

अडचण कामाच्या शिस्तीची आहे. फासळ्या 12 टक्क्यांच्या खाली हव्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर बाद. दमट हवेत जमलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो साध्या पाण्यानं आणि घासणीनं धुवायचा, मगच पॉलिश पेपर. थेट पेपर मारला तर मेण घासलं जाऊन पुढचा थर सुटतो. मिश्रण एका वेळी 200-300 ग्रॅम, पसरट ट्रेमध्ये. एप्रिलच्या दुपारी उभ्या मगात केलेलं मिश्रण धूर सोडत उकळतं. डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं, हे पाहिल्याशिवाय झाकण उघडू नका, दोन्ही आकडे वेगळे असतात.

पुढच्या प्रत्येक स्क्रूचं आणि पंखा फिरवणाऱ्या शाफ्टचं प्रत्येक भोक आधी मोठं पाडून इपॉक्सीनं भरायचं आणि परत बारीक पाडायचं. एक विसरलं तर पाणी प्लायच्या कडेत शिरतं आणि बाहेर काही दिसायच्या आत वीतभर भाग आतून मऊ होतो. शिवाय ही वाट परतीची नाही. बोट जुनी म्हणून जपायची असेल, तर हा तळ घातल्यावर तिचा खालचा अर्धा भाग नवा झाला, हे मान्य करावं लागतं. फासळ्या निम्म्याहून जास्त गेल्या असतील आणि सगळंच नव्यानं करायचं असेल, तेव्हाच हा पर्याय पटतो.

स्क्रू, ओतकाम, इंजिन

स्क्रू सिलिकॉन ब्राँझचे मिळवा. ते पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळायचे नाहीत, बाहेरून मागवावे लागतात. बोट कायम गोड्या पाण्यात राहणार असेल तर 316 स्टेनलेस चालून जातं. खाऱ्या पाण्यात, हवा न पोचणाऱ्या फळीच्या आत ते भेगा धरून खातं. पुढेमागे कारवारला नेण्याचा विचार असेल तर काटकसर इथं नको. गॅल्व्हनाइज्ड लोखंड आणि ब्राँझ शेजारी ठेवू नका.

शाफ्टला खालून धरणारा स्ट्रट किंवा सुकाणू मोडलं असेल तर बेळगावकराचं नशीब चांगलं, उद्यमबागेत ओतकाम आणि मशिनिंग शेजारी-शेजारी होतं. गनमेटल, एलजी 2, म्हटलं की फौंड्रीवाल्याला कळतं. जुना तुकडाच पॅटर्न (साच्याचा नमुना) म्हणून दिला तर धातू थंड होताना आकसतो आणि नवा सुमारे दीड टक्का लहान येतो. 200 मिमीला 3 मिमी. बेअरिंगच्या भोकाला जादा माल ठेवून लेथवर फिरवून घ्या.

जुनं पेट्रोल इंजिन ठेवायचं तर आता पंपावर मिळणारं 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरची सीलं फुगवतं, शिवाय उभ्या टाकीत पाणी ओढतं. पाइप बदला आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करा. गाडीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर तसाच बसवू नका. बंद बिल्जमध्ये पेट्रोलची वाफ साठते, बोटीच्या भागांना ठिणगी आत कोंडणारी रचना असते. चालू करण्याआधी ही वाफ बाहेर काढणारा ब्लोअर चार मिनिटं.

यांत्रिक बोटीला 2021 च्या अंतर्देशीय जलवाहन कायद्याखाली नोंदणी लागते. हिडकल आणि नविलुतीर्थ कर्नाटक नीरावरी निगमच्या ताब्यात आहेत, त्यामुळे पाण्यात उतरायची परवानगी तिथून. फळी विकत घेण्याआधी हा कागद हातात असू द्या.

पहिल्या उतरणीला इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट ढिले ठेवा. बोट ट्रेलरवर एक आकार घेते, पाण्यात दुसरा. एक रात्र तरंगू द्या, मग कपलिंगच्या दोन फ्लँजमधली (चकत्यांमधली) फट चारही बाजूंनी फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजा. 100 मिमीच्या फ्लँजला फरक 0.1 मिमीच्या आत यायला हवा. त्यानंतर इंजिनाचे पाय कसा.