एग बेट: एका दिवसात एकच गोष्ट करा

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एगला जायचं तर आधी बोटीचं वेळापत्रक बघा, मग सुट्टी टाका. मुख्य भूमीवरच्या मॅलेग बंदराहून कॅलमॅक या फेरी कंपनीची ‘लॉखनेव्हिस’ बोट साधारण सव्वा तासात पोचवते. हीच बोट मक, रम आणि कॅना या शेजारच्या बेटांनाही जाते, त्यामुळे वारानुसार वेळा बदलतात आणि बेटावर किती तास हाताशी राहणार तेही. वारा वाढला की फेरी रद्द होते. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी एग ठेवूच नका. पाहुण्यांना गाडी नेता येत नाही. जेटीजवळ दुकान आणि कॅफे आहे, सायकलीही भाड्याने मिळतात.

दिवसभरासाठी आलात तर स्गूर हा डोंगर किंवा ‘गाणारी वाळू’ हा किनारा, दोन्हींतलं एकच. स्गूर 393 मीटर. जेटीवरून तो सरळ भिंतीसारखा दिसतो, पण वाट समोरून चढत नाही. उत्तरेच्या कड्याखालून जाते, घळीतून धारेवर येते आणि मग पूर्वेकडे वळून माथा गाठते. जाऊन-येऊन चार तास धरा. सह्याद्रीतले गड चढणाऱ्यांना चढ जड जाणार नाही, त्रास होतो तो दलदलीचा. साधे स्पोर्ट्स शूज पहिल्या अर्ध्या तासात आतून ओले होतात. घोट्यापर्यंतचे वॉटरप्रूफ बूट हवेतच. धारेवर धुकं आलं तर मागे फिरा, कारण पूर्वेचं टोक थेट तुटलेलं आहे.

गाणारी वाळू क्लीडेल वस्तीच्या पलीकडे, बेटाच्या दुसऱ्या टोकाला. क्वार्ट्झचे कण कोरडे असतील तरच पाय घासत चालल्यावर चिर्र आवाज येतो. पावसानंतर गेलात तर वाळू मुकी, पण समोर रमचे डोंगर असतातच.

मुक्काम मात्र कराच, कारण एगची खरी ओळख तिथल्या माणसांत आहे. 12 जून 1997 रोजी रहिवाशांच्या पुढाकाराने बेट 15 लाख पौंडांना जमीनदाराकडून विकत घेतलं गेलं. आता कारभार ट्रस्टकडे आहे. मुख्य भूमीवरून वीज येत नाही. 2008 पासून पाणी, वारा आणि सूर्य यांवर त्यांचं स्वतःचं ग्रिड चालतं, डिझेल जनरेटर फक्त आधाराला. प्रत्येक घराला एका वेळी 5 किलोवॉटची मर्यादा आहे. किटली 3 किलोवॉट खाते. पाणी तापवत असलेलं वॉशिंग मशीन आणि हीटर त्याच वेळी चालू असला की मर्यादा ओलांडून घराची वीज जाते. म्हणून चहा उकळेपर्यंत हीटर बंद ठेवा, आणि घरमालक मीटर दाखवतील तेव्हा नीट समजून घ्या. सगळ्यांना समान वाटा मिळावा म्हणून ही शिस्त आहे, आणि ती इतकी वर्षं टिकली याचं फार कौतुक वाटतं. वीज जास्त झाली तर ती सामुदायिक सभागृहासारख्या इमारती उबदार ठेवायला वापरतात.

जून ते ऑगस्ट मिजेस नावाच्या बारीक चावऱ्या माश्या हैराण करतात, विशेषतः वारा पडलेल्या संध्याकाळी. जमलं तर मे महिन्यात जा, आणि राहण्याची जागा बोटीच्या तिकिटाआधी पक्की करा.